मी झाकलेला श्वास

मी जुनी पेटी आहे, हे मुद्दाम सांगायला नको. माझं झाकण उघडताना जी कुरकुर होते, तिच्यावरूनच ते कळतं. परवा गणपतीच्या तालमीला तुम्ही मंडळाच्या हॉलमध्ये आलात, मला कपाटावरून खाली काढलंत, भाता दोनदा हलवून पाहिलात, "अरे, ये तो गई" म्हणालात आणि पुन्हा वर ठेवून दिलंत. मित्रांनो, मला राग आला. खोटं कशाला बोलू? पण पेटीचं असं असतं की कोणी भाता हलवल्याशिवाय तिला तोंड उघडता येत नाही. तुम्ही दोनदा हलवलात, तेवढ्याच हवेवर मी हे सांगून घेते. माझी गोष्ट काही आनंदाची नाही. कंटाळा आला तर खुशाल उठून जा, पण नीलकंठचं नाव येईपर्यंत तरी बसा.

माझा जन्म १९४३ सालचा, इथलाच, जबलपूरचा. तेव्हा मोठी लढाई चालली होती. शहरातले कारखाने दिवसाचे चोवीस तास धडधडत होते आणि भोंगा झाला की सायकलींचे लोंढेच्या लोंढे रस्त्यावर उतरत. रामराव नावाचे एक सुतार अशाच एका कारखान्यात कामाला होते. तोफगाड्यांची लाकडी चाकं आणि तोफगोळे भरायच्या पेट्या, हे त्यांचं काम. माणूस अबोल, पण बोलला की मनातलं बोलायचा. ते एकदा बायकोला म्हणाले होते की, दिवसभर मी ज्या पेट्या ठोकतो त्या कुठे उघडतात आणि तिथे काय होतं, हे मनात आणायचंच नाही असं ठरवलंय. पण मरायच्या आधी एक तरी पेटी अशी करीन, जी माझ्या डोळ्यांदेखत उघडेल.

ती मी. लिलावात घेतलेल्या सागवानाच्या तुकड्यांतून त्यांनी मला घडवलं. सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या धातूच्या जिभा, कलकत्त्याहून मागवले, भात्याचं चामडं सदर बाजारातून आणलं. फक्त रविवारी हात लावायचे, त्यामुळे चौदा महिने लागले. त्यांना स्वतःला वाजवता येत नव्हतं. मी पुरी झाले त्या दिवशी त्यांनी एकच पट्टी दाबली, आवाज निघाला तसे हसले आणि मला पुसून ठेवलं. मुलीच्या लग्नात त्यांनी तिला जे काही दिलं त्यात मी होते. मुलीचं नाव अनसूया.

अनसूयाबाईंचे यजमान भय्यासाहेब रेल्वेच्या ऑफिसात होते. गोलबाजाराजवळ एका घराच्या वरच्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड होतं. चांगला अठरा पायऱ्यांचा, उभा जिना होता. पुढच्या खोलीत बाईंनी गाण्याचा क्लास सुरू केला आणि मला खिडकीखाली जागा मिळाली. मला वाटलं, आता आपला भाव वधारला. रोज गाणी वाजतील, लोक माना डोलावतील. कसलं काय! पहिला महिना क्लासमध्ये कोणी गायलंच नाही.

बाईंची शिकवायची रीत जगावेगळी होती. नवीन मूल आलं की त्या विचारायच्या, आज काय जेवलास? मूल सांगायचं, वरणभात आणि भेंडीची भाजी. मग त्या म्हणायच्या, हेच जरा लांबवून सांग. ते झालं की, आता त्या लांबवण्याला सूर लाव. अशा तऱ्हेनं आमच्या खोलीत भेंडीची भाजी सा-रे-ग-म चढायची आणि उतरायची. खालचे दुकानदार हसून हसून बेजार व्हायचे. कोणी खांदे उचलून छातीत हवा कोंबली की बाई तिथल्या तिथे थांबवायच्या. "काहून रे, आईजवळ पाणी मागताना इतका श्वास भरतोस का? मग इथे कशाला कोंबून राहिला?" असं विचारायच्या. पोट सोडलं की श्वास आपला आपण येतो, त्याला ओढून आणायचं नाही. आणि जे वाक्य धड बोलता येत नाही, ते गाता येणार नाही. एवढंच त्यांचं शास्त्र. पण त्या शास्त्राला त्या चिकटून होत्या. कोणतंही गाणं आधी बोलायचं, घरच्या माणसाशी बोलतो तसं, मग गायचं. बोलताना मूल जिथे श्वास घेईल तिथेच गातानाही घ्यायचा.

आणि माझं काम? सुरुवातीला एक सा द्यायचा आणि गप्प बसायचं. बाई पट्टीवरून बोट उचलायच्या ते गाणं संपेपर्यंत पुन्हा ठेवायच्या नाहीत. पेटी सतत वाजली की मूल तिच्या कुबड्या घेतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मनात फार खदखद असायची, बरं का. दुसऱ्यांच्या घरच्या पेट्या जत्रेसारख्या वाजायच्या आणि मी म्हणजे नुसती सा विचारायची सोय. मी मनाशी म्हणायचे, एक दिवस ह्या बाईला माझी गरज पडेल. ती पडली आणि मग काय झालं तेच तर सांगायचंय.

वर्षं गेली. माझ्या समोर मुलं मोठी झाली, मुलींची लग्नं झाली, मंडळाच्या गणपतीत बाईंच्या विद्यार्थ्यांची वाहवा झाली. मग १९६२ साली सीमेवर लढाई पेटली आणि शहरातले कारखाने पुन्हा पूर्वीसारखे धडधडायला लागले. त्याच वर्षी नीलकंठ आला.

बावीस वर्षांचा होता. मूळचा जवळच्या पाटन गावचा. वडील गेलेले, आई आणि तो असे दोघंच रांझीला खोली घेऊन राहायचे. कारखान्यात ढलाईखान्यात कामाला लागला होता. लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात ओततात, तो थंड झाला की त्याला चिकटलेली वाळू हवेच्या फवाऱ्यानं झाडून काढतात. ते झाडण्याचं काम त्याचं. पहिल्या दिवशी आला तेव्हा पापण्यांवरसुद्धा बारीक पांढरी पूड होती. बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, आज काय जेवलास? तो ओशाळून म्हणाला, "बाई, ड्युटीवरूनच येऊन राहिलो. अजून जेवलोच नाही." बाईंनी आधी त्याला दोन पोळ्या वाढल्या. मग म्हणाल्या, आता जे मघाशी बोललास तेच सूर लावून म्हण.

त्यानं म्हटलं. "अजून जेवलोच नाही," एवढे साधे शब्द, पण त्यानं ते असे गायले की बाई पदर तोंडाला लावून तशाच बसून राहिल्या. त्याला काही शिकवायचंच नव्हतं. तो जसा बोलायचा तसा गायचा. इतकी वर्षं बाई ज्याच्यासाठी घसा कोरडा करत होत्या, ते ह्याला आईच्या पोटातूनच आलेलं होतं. भय्यासाहेब आतून बाहेर आले आणि दारातच उभे राहिले.

तीन वर्षं तो शिकला. ड्युटी सकाळची असली की संध्याकाळी यायचा, संध्याकाळची असली की सकाळी. एकदा त्याला भेडाघाटला पिकनिकला नेलं तर तिथेही धबधब्यापुढे उभा राहून गात बसला होता, असं मुलं सांगायची. चौसष्टच्या गणपतीत तो गायला आणि त्याचं गाणं ऐकून एका शाळेचे हेडमास्तर बाईंना भेटायला घरी आले. त्यांच्या शाळेतले संगीताचे मास्तर सहासष्टच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. नीलकंठजवळ पदवी नव्हती, पण तो रेडिओच्या परीक्षेत पास झाला तर संचालकांना पटवता येईल, असं ते म्हणाले. जबलपूरला रेडिओ स्टेशन नवीनच सुरू होत होतं. म्हणजे कसं, तर रेडिओची ऑडिशन पास, की शाळेत नोकरी. आणि शाळेत नोकरी, की ढलाईखाना सुटला. हेडमास्तर गेल्यावर नीलकंठ कितीतरी वेळ जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून होता. मग म्हणाला, आईला अजून सांगत नाही, नाहीतर ती देवांना नवस बोलत सुटेल.

पासष्टच्या पावसाळ्यात पुन्हा लढाईची हवा झाली आणि सप्टेंबरात ती पेटलीच. आमच्या खिडक्यांच्या काचांना भय्यासाहेबांनी ब्लॅकआउटसाठी तपकिरी कागद डकवले. कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या, सुट्ट्या रद्द झाल्या. नीलकंठ आठवड्यातून चारदा यायचा तो एकदा यायला लागला. आला की आधी जिन्याच्या मध्यावर थांबायचा. मला पावलं ऐकू यायची. नऊ पायऱ्या, मग थांबणं, मग उरलेल्या नऊ. बारीकसा खोकला. वर आला की रुमालानं तोंड पुसायचा आणि हसायचा.

गाताना त्याचा श्वास तुटायला लागला होता. पूर्वी जी ओळ तो सहज पुरी करायचा, ती आता अर्ध्यावर यायची आणि थांबायची. बाई चिडायच्या. त्यांना वाटलं, कारखान्यातल्या गोंगाटात ओरडून ओरडून ह्याचा श्वास वर चढलाय, खांद्यात बसलाय. त्यांचं सगळं आयुष्य असल्या वाईट सवयी मोडण्यात गेलं होतं, त्यामुळे त्यांना सवयच दिसली. दुसरं काही असेल असं त्यांच्या ध्यानीमनी आलं नाही. ज्या बाईंनी कधी श्वास मोजू दिला नाही, त्या आता बोटांवर मोजायला लागल्या. दहापर्यंत धर, बारापर्यंत धर, घरी रोज शंभर वेळा कर. तो मान डोलवायचा. त्यानं खरोखर केलं असणार, कारण बाईंचा शब्द त्याला प्रमाण होता.

ऑक्टोबरच्या शेवटी रेडिओचं पत्र आलं. ऑडिशन डिसेंबरात, अमुक तारखेला, तंबोरा आणि तबला तिथे मिळेल. हातात उणेपुरे सात आठवडे, आणि त्यातही नीलकंठ येणार आठवड्यातून एकदा. तेव्हा बाईंनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. त्या म्हणाल्या, "बोलून दाखवायचं राहू दे आता. वेळ नाही. चलो, सरळ गाऊ या." आणि तो गात असताना त्यांनी मला वाजवायला घेतलं. सा देऊन हात काढून घेतला नाही. ओळीबरोबर ओळ, सुराबरोबर सूर, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! बावीस वर्षं मी ज्याची वाट बघितली ते आलं होतं. मी सगळा जीव ओतून वाजले. नीलकंठची ओळ मध्ये तुटली की त्या जागी मी असायचे. तो श्वासासाठी थांबायचा आणि माझा सूर पुढे चालू राहायचा, तो परत येऊन मिळायचा. ऐकणाऱ्याला ओळ अखंड वाटायची. बाईंनाही वाटायची, कारण त्यांचं अर्धं लक्ष आता माझ्या पट्ट्यांवर असायचं. दोन आठवड्यांत त्या भय्यासाहेबांना म्हणाल्या की, आला बघा त्याचा श्वास जागेवर, मोजण्याचा गुण आला. भय्यासाहेबांनी समाधानानं चहा मागितला.

मला मात्र कळत होतं. माझ्या पोटात भाता आहे, मला श्वास कळणार नाही तर कोणाला कळणार? त्याच्या थांबण्याच्या जागा दर आठवड्याला वाढत होत्या आणि मी त्या बुजवत होते. मी एकदा तरी अडकायला हवं होतं. एखादी पट्टी घट्ट बसवून घ्यायला हवी होती. जुनं लाकूड हवा बदलली की अडतं, कोणाला संशय आला नसता. पण मला वाजायचं होतं. इतक्या वर्षांनी मिळालेला मान सोडवत नव्हता. हे मी आजवर कोणाला बोलले नाही.

आणखी एकीला कळलं होतं. विनीता नावाची नऊ वर्षांची मुलगी क्लासला यायची, तोंडानं भारी फटकळ. एक दिवस नीलकंठ गेल्यावर ती बाकीच्या मुलींना नक्कल करून दाखवायला लागली. "नीलकंठदादा पॅसेंजर गाडीसारखे बोलून राहिलेत आजकाल. हर स्टेशनावर थांबतात." मुली खिदळल्या. बाईंनी विनीताचा कान असा पिळला की ती रडायला लागली. मोठ्यांची टवाळी करतेस म्हणून तिला दोन दिवस क्लासला यायची बंदी केली. एरवी ह्याच बाई मुलं कशी बोलतात ते कान देऊन ऐकायच्या. त्या दिवशी त्यांना फक्त उद्धटपणा ऐकू आला.

ऑडिशनच्या आदल्या दिवशी रविवार होता. दुपारी नीलकंठ आला. नवीन शर्ट शिवला होता, तोच घालून आला, म्हणाला की उद्या अंगाला कोरा लागायला नको. आता एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. त्या काळात रेडिओवर पेटीला मज्जाव होता. गाणाऱ्यानं तंबोऱ्यावरच गायचं. पत्रात तसं होतंच, बाईंना ते पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांना वाटत होतं, आवाज तयार आहे, शेवटच्या दिवशी एकदा तंबोऱ्यावर फिरवून घेतलं की झालं. त्यांनी माझं झाकण लावलं, मला भिंतीकडे सरकवलं आणि तंबोरा मांडीवर घेतला.

नीलकंठनं सुरुवात केली. पहिले दोन सूर लागले, काळजाला हात घालणारे. मग ओळ सुरू झाली आणि चौथ्या शब्दावर तुटली. खोलीत तंबोऱ्याची गुणगुण आणि त्याच्या छातीतली एक बारीक घरघर, एवढंच राहिलं. बाई म्हणाल्या, घाबरू नकोस, पुन्हा घे. त्यानं पुन्हा घेतली. तिसऱ्या शब्दावर तुटली. मी झाकणाखाली होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं. बाईंचा चेहरा रागावल्यासारखा झाला, मग गोंधळल्यासारखा. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा त्यांनी तंबोरा खाली ठेवला.

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. कितीतरी महिन्यांनी पाहिलं असेल. आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "नीलकंठ, गाणं सोड. आज काय जेवलास?"

तो म्हणाला, "आईनं... आज ज्वारीची... भाकर केली होती. आणि... वांग्याची..." आणि तो थांबला. भाजी हा शब्द यायला वेळ लागला.

बाई त्याच्या जवळ सरकल्या. जे वाक्य धड बोलता येत नाही ते गाता येणार नाही, हे त्या वीस वर्षं सांगत आल्या होत्या, आणि ह्याचं बोलणं कधी तुटलं ते त्यांना कळलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, केव्हापासून होतंय हे? तो म्हणाला, थोडं थोडं उन्हाळ्यापासून, नवरात्रानंतर जास्त.

"मला काहून सांगितलं नाहीस?"

"तुम्ही म्हणून राहिल्या होत्या ना... श्वास चुकतोय म्हणून. मला वाटलं... माझंच चुकतंय."

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. नीलकंठच उलट घाबरला, त्यांची समजूत घालायला लागला, आणि समजूत घालतानाही त्याला धाप लागत होती. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या की उद्या रेडिओ नाही, उद्या डॉक्टर. तो ऐकेना. शाळेची जागा एकच आहे, ती उन्हाळ्यात भरली की परत कधी निघेल कोण जाणे, एवढा एक दिवस जाऊ द्या, मग तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडे येतो. त्याच्या तोंडावर इतकी आस होती की बाईंना नाही म्हणवलं नाही. त्या दुपारी त्या दोघांनी मिळून ओळी नव्यानं तोडल्या. एक ओळ चार ठिकाणी. जिथे तो बोलताना थांबतो तिथेच गाताना थांबायचं. बाईंची जुनी रीत, पण आता फार उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशीचं मला बाईंनी भय्यासाहेबांना सांगितलं तेवढंच ठाऊक आहे. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. आत काय झालं ते नीलकंठनं बाहेर येऊन सांगितलं. पहिले सूर लावले तेव्हा काचेपलीकडचे लोक एकमेकांकडे बघून मान हलवत होते. मग ओळ आली. दुसऱ्या थांब्यावर खोकला आला आणि तो काही केल्या आवरेना. त्यांनी पाणी दिलं, पुन्हा गायला सांगितलं, दोनदा संधी दिली. कोणी वाईट वागलं नाही. जानेवारीत पत्र आलं, चार ओळींचं. निवड झाली नाही. उन्हाळ्यात शाळेनं दुसरे मास्तर नेमले.

ऑडिशननंतर लगेच बाई नीलकंठला स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेल्या होत्या. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून दाखवला आणि सांगितलं, वाळूची पूड फुप्फुसात जाऊन बसली आहे, बसली ती आता निघत नाही. आणखी धूळ जाऊ द्यायची नाही, एवढंच करता येईल. बाईंनी विचारलं, श्वास धरून ठेवायचे व्यायाम त्यानं रोज केले, त्यानं काही नुकसान झालं का? डॉक्टर म्हणाले, त्यानं काही झालं नाही. पण तीन-चार महिने आधी आला असता, तर तेवढी धूळ तरी कमी गेली असती. बाई घरी आल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. भय्यासाहेब बाहेरून हाका मारत राहिले. ते महिने कोणी झाकले, हे त्या घरात मला आणि बाईंना, दोघींनाच माहीत होतं.

नीलकंठनं अर्ज केला, त्याला ढलाईखान्यातून काढून फाटकावरचं बसून करायचं काम दिलं. आणखी सव्वा वर्ष तो आमच्याकडे येत राहिला. गायचा नाही. बाई इतरांना शिकवायच्या तेव्हा कोपऱ्यात बसून ऐकायचा. माझं झाकण त्या काळात फक्त सा देण्यापुरतं उघडायचं आणि लगेच मिटायचं. विनीताला बाईंनी एकदा सगळ्यांसमोर जवळ घेतलं आणि म्हणाल्या, त्या दिवशी माझं चुकलं होतं, तू ऐकलंस आणि मी ऐकलं नाही. विनीताला काही समजलं नाही, ती नुसती लाजली.

सदुसष्टच्या चैत्रातली एक सकाळ होती. नऊ पायऱ्यांवर थांबणारी पावलं त्या दिवशी चार-चार पायऱ्यांवर थांबली. नीलकंठ वर आला, बसला, बराच वेळ त्याला बोलता आलं नाही. मग म्हणाला, "बाई... आजच्यानंतर... मी वर नाही... येणार. जिना... चढवत नाही."

पूर्वी कोणी बोलताना अडखळलं की बाई पटकन शब्द पुरवायच्या. त्या दिवशी त्यांनी एकही शब्द पुरवला नाही. तो थांबला की त्याही थांबायच्या, त्याच्याकडे बघत, घाई न करता, जणू त्या थांबण्यातही ऐकण्यासारखं काही होतं. त्याचं वाक्य पुरं व्हायला किती वेळ लागला कोण जाणे. ते पुरं झाल्यावरच त्या बोलल्या.

"मग मी येईन ना खाली. रांझीला येईन, दर रविवारी."

आणि त्या गेल्या. तंबोऱ्याला जुन्या चादरीत गुंडाळून, सायकलरिक्षात बसून, पावसाळ्यातसुद्धा. जाताना मी खिडकीखाली असायचे. मला वाटायचं, आज तरी नेतील. त्यांनी मला एकदाही नेलं नाही. तिथे काय करता, असं भय्यासाहेबांनी एकदा विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "काही नाही. तंबोरा लावते, तो बोलतो, मी ऐकते. त्याला जेवढं बोलता येईल तेवढं." भाद्रपदात एका रविवारी त्या लवकर परत आल्या. चादरीची गाठ सोडलेलीच नव्हती.

नीलकंठ गेल्यानंतर बाईंनी वीस वर्षं शिकवलं. कोणी गात असताना त्यांनी मला पुन्हा कधीच वाजवलं नाही. हात थकले तेव्हा त्यांनी मला ह्या मंडळाला देऊन टाकलं, आणि मंडळानं कपाटावर ठेवलं. मला वाळवी लागली, उंदरांनी भाता कुरतडला, सुरांना गंज चढला. ह्याबद्दल मी तुमच्याकडे तक्रार करणार होते. जुन्या वस्तू जपा, त्यांच्यातही जीव असतो, असं काहीतरी. पण आता सांगता सांगता ते राहूनच गेलं.

हवा संपत आली, मित्रांनो. मला दुरुस्त करा, न करा. केलंत तर मला आवडेल, मी अजून तितकीच हावरट आहे. पण दुरुस्त केलंत आणि तुमच्यातलं कोणी माझ्या साथीनं गायला बसलं, आणि गाता गाता ते मध्येच थांबलं, तर माझ्यावरचा हात काढा. मी पुढे वाजायला बघेन, मला वाजू देऊ नका. सगळे गप्प बसा आणि ते का थांबलं ते विचारा. सांगताना ते अडखळेल, वेळ लावेल. लावू द्या.